गिटार बदलण्याआधी पिकअपची जवारी बघा

गणपती दोन महिन्यांवर आले की आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत संध्याकाळी दोन-तीन घरांतून तरी गिटार ऐकू येते. मंडळांच्या कार्यक्रमासाठी पोरांची तालीम सुरू झालेली असते. यंदा शेजारचा मुलगा एका रविवारी सकाळी गिटार घेऊनच दारात उभा राहिला. "काका, हे बघा की जरा. नुस्तं गुणगुणतंय. आणि सोलो वाजवाय लागलो की पत्र्यावर खिळा घासल्यासारखा आवाज येतोय." मोबाइलवर त्याने नवे पिकअप निवडून ठेवले होते. तिन्ही मिळून किंमत गिटारपेक्षा जास्त. घेऊ की नको, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मी म्हटलं, आजचा एक दिवस मला दे, मग ठरव.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठेही जा, पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या पोरांची तक्रार हीच असते. आणि उत्तर म्हणून त्यांना 'व्हिंटेज', 'हॉट', 'बूटिक' असे शब्द ऐकवले जातात. पैसे खर्च होतात, आवाज होता तिथेच राहतो. पिकअप आतून काय करतो हे एकदा कळलं, की यातलं निम्मं घरच्या टेबलावर सुटतं.

आपल्याला मिरज लांब नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर भोपळ्याला हात लावत नाही, तारा बदलत नाही. घोडीवर तार जिथे टेकते तेवढीच जागा तो कानसेने हलकेच घासतो, खाली सुताचा दोरा सरकवतो आणि मुका तंबोरा बोलायला लागतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तशी नाजूक जागा म्हणजे पिकअप आणि त्याच्या मागची चार-सहा तारांची जोडणी.

पिकअप म्हणजे काय?

तारांच्या खाली जी लांबट डबी दिसते, तो पिकअप. आत दोनच गोष्टी: चुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, म्हणजे कॉईल. चुंबकाच्या जवळ असल्यामुळे वरची पोलादी तार स्वतःही थोडी चुंबक होते. ती थरथरली की कॉईलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होतं आणि कॉईलमध्ये तेवढीच थरथरणारी वीज तयार होते. हे तत्त्व फॅरडेने 1831 साली दाखवून दिलं. आपल्या गाडीचा डायनॅमो आणि गिटारचा पिकअप हे सख्खे भाऊ आहेत.

गिटारवर हे पहिल्यांदा नीट जमलं ते अमेरिकेत 1931 च्या सुमारास, जॉर्ज बोशाँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या हातून. तेव्हापासून रचनेत फार फरक पडलेला नाही.

म्हणूनच अकूस्टिक गिटारच्या ब्राँझच्या तारा इलेक्ट्रिकवर चढवल्या की आवाज मरतो. ब्राँझला चुंबक ओढत नाही, आतला पोलादी गाभा तेवढा कामाला येतो. असा घोळ मी दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा दोष पिकअपच्या माथी मारला गेला होता.

तयार होणारी वीज किती? एका व्होल्टच्या दहाव्या हिश्श्यापासून फार तर एक व्होल्टपर्यंत. एवढ्याशा विजेला अ‍ॅम्प शेकडो पटींनी वाढवतो. कॉईलमध्ये शिरलेली गुणगुणही त्याच पटीत वाढते, हे पुढे लागेल.

नुसत्या तारेचा एवढा परिणाम कसा?

वडगाव-शहापूरला ज्यांच्या घरात माग होते त्यांना कांडी भरणं माहीत आहे. पिकअपची कॉईल म्हणजे तांब्याची कांडी. तीन पिकअपच्या नेहमीच्या गिटारमध्ये एका पिकअपवर साधारण 8,000 वेढे असतात. तार सरळ केली तर एक किलोमीटरहून लांब भरते. वजन मात्र तीस ग्रॅमच्या आसपास, कारण तार केसाएवढी आहे, 0.063 मिलिमीटर जाडीची.

वेढे वाढवले की वीज जास्त तयार होते, आवाज मोठा होतो. पण त्याबरोबर कॉईलचा जडपणाही वाढतो. या जडपणाला इंडक्टन्स म्हणतात. झोपाळ्यावर लहान पोर बसलं की झोपाळा भरभर हलवता येतो. त्याच झोपाळ्यावर चार मोठी माणसं बसली, की तो संथच हलणार. हलकी कॉईल वरच्या, धारदार स्वरांना मोकळी वाट देते, जड कॉईल त्यांना अडवून धरते.

दुसरी बाजू केबलची. उसाला पाटाने पाणी देणाऱ्याला माहीत असतं, पाट जितका लांब तितकं पाणी वाटेत मुरतं. गिटारच्या केबलमध्ये असंच वरच्या स्वरांचं मुरणं होतं. केबलच्या या गुणाला कपॅसिटन्स म्हणतात आणि तो पिकोफॅरडमध्ये मोजतात. बऱ्याच केबलमध्ये मीटरला 100 पिकोफॅरडच्या आसपास धरून चालता येतं.

कॉईलचा जडपणा आणि केबलचं मुरणं मिळून स्वराची एक ठरावीक उंची तयार होते. तिथे आवाज सगळ्यात तेजीत असतो आणि तिच्या वर तो झपाट्याने पडतो. यालाच रेझोनन्स म्हणतात. आपण ज्याला गिटारचा टोन म्हणतो त्यातला मोठा वाटा याच उंचीचा.

आकड्यांत सांगतो, कारण इथे आकडा बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. साध्या एका कॉईलच्या पिकअपला तीन मीटरची केबल लावली तर ही उंची 4,700 हर्ट्झच्या आसपास येते. त्याच पिकअपला दहा मीटरची केबल लावा, ती 3,000 हर्ट्झवर उतरते. मांडवात स्टेज लांब, अ‍ॅम्प मागे, म्हणून पोरं लांब केबल आणतात आणि मग म्हणतात, घरी चांगली वाजत होती, इथे आवाज घोंगडीखालून आल्यासारखा का येतोय? त्यात पिकअपचा काही दोष नाही. छोटी केबल वापरा, नाहीतर गिटारजवळच एखादं बफर (लांब केबलपुढे आवाज तगवून धरणारं छोटं सर्किट) असलेलं पेडल ठेवा. पेडलच्या पुढे मग केबल लांब गेली तरी तितकं बिघडत नाही.

हीच गोष्ट उलटीही वापरता येते. आवाज फार टोचत असेल तर पिकअपच्या दोन टोकांमध्ये 470 पिकोफॅरडचा, काही रुपयांचा कपॅसिटर जोडायचा. वरचा 4,700 चा आकडा 3,300 वर येतो. आवडलं नाही तर काढून टाकायचं.

जास्त ओम म्हणजे चांगला पिकअप ना?

जाहिरातीत ठळक छापलेला आकडा ओमचा असतो. एका कॉईलचा पिकअप 6 किलोओम, दोन कॉईलचा 8 किलोओम, 'हॉट' असेल तर 12-15 सुद्धा. ओम म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचं माप. मल्टिमीटरवर सहज दिसतं, म्हणून ते छापतात.

पण बारीक तार घेऊन तेवढेच वेढे दिले तरी ओम वाढतात, आवाज त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय तांब्याचा विरोध तापमानाबरोबर बदलतो, अंशाला 0.4 टक्क्यांच्या जवळपास. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे 14 अंशांवर 6.0 किलोओम दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी 36 अंशांवर 6.5 दाखवेल. पिकअप तोच, आवाजही तोच. ओमचा खरा उपयोग एकच: कॉईल शाबूत आहे की तुटली हे कळतं. मीटरवर काहीच आलं नाही तर तार तुटली आहे.

आधी स्क्रू ड्रायव्हर

सगळ्यात मोठा फरक फुकटात पडतो, पिकअपची उंची बदलून. दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो. शेवटच्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर, तार दाबायची आणि तारेचा तळ ते पिकअपमधल्या चुंबकाचं डोकं हे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. एका कॉईलच्या पिकअपला जाड तारेकडे 2 मिलिमीटर आणि बारीक तारेकडे 1.6 मिलिमीटर, इथून सुरुवात करा. पुढचं कानाने ठरवायचं, एकेका वेळी स्क्रूचा पाव फेरा.

जवळ नेलं की आवाज मोठा आणि टोकदार होतो. फार जवळ नेलं तर चुंबक तारेलाच ओढून धरतो. मग जाड तार सुरात लावलेली असूनही वरच्या फ्रेटवर बेसूर लागते, एका स्वरात दोन स्वर लहरतात, घुमणं लवकर थांबतं. चुंबकाच्याच दांड्या असलेल्या पिकअपमध्ये हे जास्त जाणवतं. ट्यूनर बरोबर दाखवतोय आणि कान नाही म्हणतोय, अशी तक्रार असेल तर गळ्याजवळचा पिकअप आधी खाली घ्या.

त्या मुलाच्या गिटारमध्ये ब्रिजजवळचा, म्हणजे घोडीकडचा, पिकअप बारीक तारेच्या बाजूला अगदी वर आणला होता. आवाज मोठा यावा म्हणून त्यानेच केलेलं. ती बाजू खाली घेतली, जाड तारेची बाजू किंचित वर. पत्रा निम्मा गेला.

उरलेला निम्मा कुठे होता ते सांगतो, कारण ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तीन पिकअपच्या गिटारची जोडणी 1954 पासून ज्या पद्धतीने चालत आली आहे, तिच्यात टोनच्या दोन्ही बटणांचा ब्रिजच्या पिकअपशी संबंधच नसतो. एक गळ्याच्या पिकअपला, एक मधल्याला. सगळ्यात टोचरा आवाज ब्रिजचा आणि त्यालाच लगाम नाही. पिकअप निवडायच्या स्विचवर ब्रिज पिकअपच्या टोकापासून टोनच्या टोकापर्यंत इंचभर तार सोल्डर केली की खालचं टोनचं बटण ब्रिजलाही लागू होतं. त्याच्या गिटारमध्ये मी ती तार मारली. त्याने बटण सातवर आणलं, एक तान घेतली आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला.

गुणगुण कुठून येते?

भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइटचा चोक, अ‍ॅडॅप्टर, पंख्याचा रेग्युलेटर, यातून सेकंदाला 50 वेळा दिशा बदलणारी वीज वाहते. पिकअपची कॉईल म्हणजे हजारो वेढ्यांचा अँटेनाच, ती हे सगळं उचलते. लाइट गेल्यावर काही स्वस्त इन्व्हर्टरवर गुणगुणीचा करकराट होतो, कारण त्यातून येणारी वीज गोलाईदार नसते, चौकोनी असते.

गुणगुण दोन जातींची असते आणि उपाय जातीवर अवलंबून आहे. आधी परीक्षा करा. वाजवायचं थांबवून तारांवर हात ठेवा. हात ठेवल्यावर आवाज कमी झाला तर ती विद्युत क्षेत्रातून आलेली खरखर आहे. मग गिटार हातात धरून जागेवरच गोल फिरा. एखाद्या दिशेला गुणगुण जवळपास बंद होत असेल तर ती चुंबकीय आहे, जवळच्या ट्रान्सफॉर्मरमधून येते.

पहिलीवर उपाय म्हणजे आतून तांब्याची पट्टी चिकटवणं. पिकअप आणि बटणांची पोकळी पूर्ण मढवायची, पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या, सांध्यावर सोल्डरचा थेंब द्यायचा आणि सगळं मिळून ग्राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक परतीच्या तारेला, जोडायचं. मल्टिमीटर लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीज जाते का ते बघायचं. नाहीतर पट्टी नुसती शोभेची राहते. बटणांची किंवा जॅकची 'गरम' टोकं, म्हणजे आवाजाची वीज वाहणारी टोकं, पट्टीला टेकली तर गिटार पूर्ण मुकी होते, तिथे आधी चिकटपट्टी लावून घ्या. त्याच्या गिटारमध्ये ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची तारच सुटलेली निघाली. ती जोडली आणि पट्टी मारली, बहुतेक खरखर गेली.

दुसऱ्या जातीवर तांब्याची पट्टी चालत नाही. पट्टी लावूनही गुणगुण राहिली म्हणून निराश झालेली माणसं याच जागी अडकलेली असतात. चुंबकीय गुणगुणीवर इलाज दोन कॉईलचा. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने 1955 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते 1959 ला मिळालं. त्या पिकअपला हमबकर म्हणतात.

युक्ती तराजूची आहे. दोन पारड्यांत सारखाच दगड टाकला तर काटा हलत नाही. दोन कॉईल शेजारी ठेवून त्यांची जोडणी उलटसुलट केली, की बाहेरून येणारी गुणगुण दोन्ही पारड्यांत सारखी पडते आणि काटा स्थिर राहतो. पण एका कॉईलचा चुंबकही उलटा ठेवलेला असतो. त्यामुळे तारेचा आवाज एका पारड्यात भर घालतो आणि दुसऱ्यातून तेवढंच काढून घेतो. काटा दुप्पट झुकतो. गुणगुण जाते, आवाज वाढतो.

तीन पिकअपच्या आजच्या बऱ्याच गिटारींत मधला पिकअप असाच उलटा असतो. पाच खाचांच्या स्विचवर दुसरी आणि चौथी खाच लावून बघा. तिथे गुणगुण एकदम पडली तर तुमच्याकडे हमबकरची सोय आधीच आहे. मांडवात जनरेटर जवळ असेल तेव्हा मी त्याच दोन खाचांवर राहतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. गुणगुण जावी म्हणून अ‍ॅम्पच्या थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढणारे लोक आपल्याकडे आहेत. तसं कधीही करू नका. तुमचा हात गिटारच्या तारांवर असतो, तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि ओठ माइकला टेकलेले असतात. स्कॉटलंडचा गिटारवादक लेस हार्वे 1972 साली स्वान्सीच्या स्टेजवर नीट अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. पावसाळ्यात ओल्या मांडवात वाजवणाऱ्यांनी आधी अर्थिंग तपासून घ्यावं, मग तारा लावाव्यात.

पॉट आणि कपॅसिटर

आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग म्हणजे पॉट. एका कॉईलच्या पिकअपला 250 किलोओमचा आणि हमबकरला 500 चा लावायची पद्धत आहे. आकडा मोठा असेल तर वरचे स्वर कमी दबतात. स्वस्त पॉटमध्ये वीस टक्के इकडेतिकडे असतं, म्हणजे 250 लिहिलेला 200 ही निघेल आणि 300 ही. आवाज अगदीच मंद वाटत असेल तर पॉट सुटा करून मोजून बघा, कधी कधी दोष तिथेच सापडतो.

टोनच्या कपॅसिटरवर मात्र माणसं उगाच पैसे घालवतात. बटण पूर्ण उघडं असताना 0.022 आणि 0.047 मायक्रोफॅरडमध्ये कानाला फरक पडत नाही, बटण खाली आणल्यावरच पडतो. आणि तो फरक आकड्याचा. आतला कागद तेलातला आहे की साधा, यावर माझा विश्वास नाही.

चुंबक बदलता येतो का?

हमबकरमध्ये येतो. खालचे स्क्रू सैल केले की दोन कॉईलच्या मधली चुंबकाची पट्टी बाजूला सरकवून काढता येते. लोखंडात अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेल्या मिश्रधातूला अल्निको म्हणतात, त्याचे 2, 3, 5 असे प्रकार आहेत. पाचचा चुंबक ताकदीचा, आवाज ठसठशीत. दोनचा मवाळ, तार छेडल्यावर आवाज थोडा दबून मग फुलतो. स्वस्त पिकअपमध्ये सिरॅमिक असतो, त्याचा आवाज कडक आणि करकरीत. सिरॅमिकच्या जागी अल्निको पाच घातला, एवढ्यावर समाधान झालेले लोक मला भेटले आहेत.

जुनी पट्टी काढण्याआधी होकायंत्र जवळ नेऊन उत्तर-दक्षिण खूण करून ठेवा. नवी उलटी बसली तर दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज किरटा आणि पोकळ येतो.

एका कॉईलच्या पिकअपमध्ये सहा चुंबकी दांड्या असतील तर त्या कधीही ठोकून काढू नका. बऱ्याच पिकअपमध्ये तार थेट दांड्यांवरच गुंडाळलेली असते. दांडी हलली की आतले वेढे तुटले. स्वस्त पिकअपमध्ये दांड्या लोखंडाच्या आणि खाली सिरॅमिकची पट्टी चिकटवलेली असते. तिथे पट्टी बदलता येते.

पिकअप मेणात बुडवतात ते कशाला?

अ‍ॅम्पचा आवाज वाढवल्यावर गिटार कानठळ्या बसवणारी शिट्टी मारते आणि पिकअपवर नखाने टकटक केली तर ती स्पीकरमधून ऐकू येते. म्हणजे कॉईलचे वेढे सैल आहेत, ते स्वतःच थरथरतात. मोटर रिवाइंड केल्यावर वार्निशमध्ये बुडवतात ना, त्याच कारणासाठी पिकअप मेणात बुडवतात. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशीचं मेण, 65 अंशांच्या आसपास वितळवायचं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पिकअप त्यात ठेवायचा. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं छोटं भांडं, आणि थर्मामीटर. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी घाईत मी भांडं थेट मंद आचेवर ठेवलं. मेण पेटलं नाही, हे नशीब. पण ज्यावर तार गुंडाळलेली असते ती प्लॅस्टिकची बॉबिन मऊ पडून वाकली, बाहेर काढताना सुरुवातीचं टोक आतच तुटलं आणि मीटरवर काही येईना. चांगल्या आवाजाचा, जुना, मित्राने विश्वासाने दिलेला पिकअप होता तो.

उद्यमबागेत रिवाइंडिंग होईल का?

तोच पिकअप घेऊन मी उद्यमबागेतल्या एका वाइंडिंगवाल्या मामांकडे गेलो. उसाच्या पंपांच्या मोटरी भरण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांनी तार बोटांत धरून उजेडात नेली. "हे तार न्हवं गा, केस हाय. पंख्याची तार याच्या तिप्पट असती." खरंच आहे. सीलिंग पंख्याची तार 0.2 मिलिमीटरच्या आसपास असते.

इथे एक घोळ होतो तो सांगून ठेवतो. पिकअपची माहिती वाचाल तर तार '42 गेज' असं दिसेल. ते अमेरिकन गेज आहे. आपल्याकडे दुकानात तार ब्रिटिश गेजवर मिळते. दुकानात जाऊन 42 मागितलं तर 0.10 मिलिमीटरची तार हातात येते. ती इतकी जाड की बॉबिनवर 8,000 वेढे मावतच नाहीत. आपल्याला हवी ती 0.063 मिलिमीटरची, म्हणजे ब्रिटिश मापात 46 च्या जवळची. गेज सांगूच नका, मिलिमीटर सांगा.

मामांना मी बॉबिन नवी करून दिली आणि गुंडाळायच्या दिशेची खूण केली. बाकी त्यांना शिकवावं लागलं नाही. तार चिमटीत फेल्टचा तुकडा ठेवून ओढायची, हे त्यांचंच. ताण जास्त झाला की तार लांबते, बारीक होते, तुटते. ताण कमी पडला की कॉईल फुगते आणि पुढे शिट्टी मारते. पहिल्या वेळी 3,100 वेढ्यांवर तुटली, दुसऱ्यांदा 5,000 च्या पुढे. मामांनी मशीन बाजूला सारलं आणि हाताने, सावकाश, तार डावी-उजवीकडे थोडी विस्कटत भरायला घेतली. पिकअप हाताने भरणारे कारागीरही असंच करतात. वेढे एकमेकांना घट्ट चिकटून बसत नाहीत, त्यामुळे कॉईलचा स्वतःचा कपॅसिटन्स कमी राहतो आणि वरचे स्वर थोडे मोकळे होतात. हे मामांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तार तुटू नये म्हणून त्यांच्या हाताला ते सुचलं.

आवाज लाकडाचा असतो ना?

हा प्रश्न दर वेळी येतो. अकूस्टिक गिटारमध्ये लाकूड सगळं काही आहे. भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअप फक्त पोलादी तारेचं हलणं पकडतो. लाकूड त्या हलण्यावर, घुमण्याच्या लांबीवर परिणाम करू शकतं. पण पिकअप, त्याची जागा, उंची, तारा आणि केबल यांच्यापुढे तो वाटा लहान आहे, असं माझं मत आहे. त्याची परीक्षा सोपी आहे. पिकअपची उंची एक मिलिमीटरने बदला आणि फरक ऐका. लाकूड तेच राहतं.

दुसरी शंका असते, हे सगळं प्रोसेसरमध्ये ईक्यू (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करायची सोय) फिरवून होत नाही का? काही अंशी होतं. आवाज टोचत असेल तर ईक्यू तो कमी करू शकतं. पण केबलमध्ये मुरलेले वरचे स्वर परत आणायला ईक्यू वाढवलं, की त्याच जागी बसलेली खरखरही वर येते. म्हणून मूळ ठिकाणी झालेली दुरुस्ती मला जास्त भरवशाची वाटते.

आणि ज्यांच्याकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, आजोबांची किंवा चर्चमधल्या जुन्या वादकाची गिटार आहे, त्यांनी यातलं उंची सोडून काहीही करू नये. त्या सोल्डरच्या जुन्या थेंबांनाही किंमत असते.

शेजारच्या मुलाने नवे पिकअप घेतले नाहीत. त्या रविवारचा खर्च तांब्याची पट्टी, नव्या तारा आणि तीन मीटरची एक बरी केबल, इतकाच झाला. ब्रिजचा पिकअप अजून थोडा भरदार हवा, असं त्याला आता वाटतं. नुसतं 'चांगला हवा' म्हणण्याऐवजी काय कमी आहे ते तो नेमकं सांगू शकतो, म्हणून तेवढा एक पिकअप आम्ही गणपतीनंतर मामांकडे नेणार आहोत. 9,000 वेढे, तार तीच.

मित्राचा पिकअप तिसऱ्या वेळी पूर्ण झाला होता. मीटरवर 6.2 किलोओम आले. मी गिटार तिथेच, मोटरींच्या ढिगात, छोट्या अ‍ॅम्पला लावली आणि जाड तार छेडली. मामा थोडा वेळ ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "परत एकदा वाजव."